आबांच्या मनगटावरचा गारवा

सावदा, मंगळवार, दिवेलागण

आज आबांना खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

डिझाइनच्या शेवटच्या वर्षासाठी मी हा मनगटी पट्टा केला. केळीच्या बागेत पुरलेल्या सेन्सरला ओल लागली की पट्ट्याखालचं मनगट गार पडतं, माती सुकली की गरम होतं. माणूस घरी बसूनही मातीशी जोडलेला राहावा, म्हणून. पंधरा दिवस तो आबांच्या हातात आहे. आणि पंधरा दिवस आबा शेतात गेलेलेच नाहीत. रोज बागेत अनवाणी फिरणारा माणूस.

आज मी त्यांना बळंच बागेत नेलं. मधल्या ओळींत पानं लोंबलेली, पिवळी. ठिबकच्या नळ्या तुंबलेल्या, आणि मी सेन्सर पुरलेला नेमका एका चालू नळीखाली. म्हणून मनगट गार. इतकी साधी चूक कशी केली मी?

शुक्रवारी परीक्षक येणार, आबाच त्यांना पट्टा दाखवणार. म्हणून गप्प बसले का मी? पाय खरे, पट्टा खोटा, एवढंच तर म्हणायचं होतं.

आबांनी चपला काढल्या, भेगाळलेल्या मातीवर उभे राहिले. बराच वेळ. मग मनगट चाचपलं.

"पन हे तं गारच लागतं, पोरी," म्हणाले. "माह्याच पायाले काही झालं असीन."