ह्यूस्टनच्या बाटल्या

१८ जुलै
मेहुणी सती ह्यूस्टनहून आली. तिथे नर्स आहे. बायकोला, विलासिनीला, पर्फ्यूम, मला बाटल्या. ओमेगा, क्रोमियम, मॅग्नेशियम, झिंक, व्हिटॅमिन डी, व्हिटॅमिन ई, आणि एका बाटलीत हेच सगळं एकत्र. लेबलवर लालभडक हृदय छापलंय. डायबेटिस असलेल्या माणसाचं हार्ट कसं जपायचं हे अमेरिकेला कळतं. सती म्हणाली, सेलमध्ये होत्या म्हणून आणल्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. इतकी वर्षं तिकडे राहून बाई मनानं केरळातल्या आरन्मुळा गावचीच राहिली.

१९ जुलै
विलासिनीनं ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉ. एलियम्मा चेरियन. वय किती असेल? मी नायब तहसीलदार झालो तेव्हा ही पाळण्यात असणार. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर आली म्हणून तोंड पाडून बसली. मी सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या. तिनं एकेक फिरवून पाहिली आणि म्हणाली, यांनी हार्ट वाचत नाही, साखर, प्रेशर आणि कोलेस्टेरॉल आवरल्यानं वाचतं. जुन्या गोळ्या चुकवू नका. पाय बधिर होतात, त्याचं एक कारण बी-ट्वेल्व्ह कमी पडलंय, साखरेच्या गोळीनं वर्षानुवर्षं ते घटतं, म्हणून इंजेक्शन घ्या. म्हणजे एवढ्या बाटल्यांत जे नाही, नेमकं तेच मला कमी! योगायोग बघा.
आणि शर्यतीच्या होडीवर चढण्याआधी हार्टची तपासणी करा म्हणे. बाईला होडीतलं काय कळतं?

२० जुलै, पहाटे
निर्णय. कोलेस्टेरॉलच्या गोळीऐवजी ओमेगा. साखरेच्या गोळीऐवजी क्रोमियम. बीपीच्या गोळीऐवजी मॅग्नेशियम. इंजेक्शन रद्द. इथल्या कुठल्या तरी कारखान्यातलं ते, त्यावर हृदयाचं चित्रसुद्धा नाही.
उद्दिष्ट एकच. नऊ सप्टेंबरची शर्यत. गावाच्या होडीवर मुख्य गायक मी. शंभर वल्ही माझ्या आवाजावर पडतात. यंदा कॅप्टन प्रभाकरन पिळ्ळानं फतवा काढलाय, साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरचा होकार आणावा. मी सांगून टाकलं, मिळाला. मिळेलच की.

२७ जुलै
हंगामातलं पहिलं जेवण. कुणीतरी नवस फेडतो, होडी नदीतून देवळाच्या घाटाला लागते, आम्ही पंगतीला बसतो. गाऊन जो पदार्थ मागू तो यजमानानं वाढायचाच, नाही म्हणायचं नाही. मी तीन प्रकारचं पायसम मागितलं. चौथ्याची ओळ तिथल्या तिथे रचली. टाळ्या पडल्या.
माझ्या शेजारी उण्णित्तान. बँकेचा माजी मॅनेजर, माझ्यासारखाच शुगरवाला, माझ्यानंतरचा गायक. या माणसानं देवाच्या दारात, भर पंगतीत, सुरात काय मागावं? कारल्याचं लोणचं आणि ताक. यजमान बिचारा धावत सुटला. उण्णित्तानचा आवाजही तसाच, कारल्यासारखा.
देवाच्या नावानं मागितलेलं पायसम साखरेत धरायचं नसतं. तरी खबरदारी म्हणून क्रोमियम दोन.

५ ऑगस्ट
साखर तपासायचं मशीन कपाटावर टाकलं. व्हिटॅमिनला वेळ द्यावा लागतो, रोज आकडे बघून मन खचतं.
घाटावर पायात शिंपला घुसला. कळलंही नाही! घरी आल्यावर विलासिनीला ओसरीवर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा उलगडा झाला. सहनशक्ती एवढी वाढलीय. झिंकचा गुण. ती मात्र फरशी पुसता पुसता रडत होती. कौतुक करायचं सोडून.

१७ ऑगस्ट
आज पुन्हा पंगत. घाटाच्या पायऱ्या चढताना घामानं कमरेचा मुंडू भिजला. डावा हात जड. धाप लागली, पोटात मळमळ. ॲसिडिटी. वांग्याच्या भाजीत तेल फार होतं, आचाऱ्याला अक्कल नाही. पायसमची ओळ अर्ध्यात सुटली. उण्णित्ताननं लगेच उचलली. टपूनच बसला होता.
लिंबू सोडा आणि मॅग्नेशियम घेतलं, तासाभरात बरा. सतीला फोन करून कळवलं की शरीरातलं विष बाहेर पडतंय. ती ओरडायला लागली, ताबडतोब हॉस्पिटलला जा म्हणून. रेंज गेली असं सांगून फोन ठेवला.
विलासिनी सबंध संध्याकाळ मागे लागली. मी बजावलं, हार्टचं असतं तर छातीत कळ आली असती. मला तसूभरही दुखलं नाही. त्यावर ती म्हणाली, "अहो, पायात शिंपला घुसला तोही तुम्हाला दुखला नव्हता. तुम्हाला दुखत नाही याचीच मला भीती वाटते."
बायकांना कशाचा संबंध कशाला जोडावा ते कळत नाही.

२४ ऑगस्ट
दोन उशा घेऊन झोपतो. आडवं झालं की दम लागतो. हवा दमट आहे. घोटे सुजलेत, पापडातलं मीठ. उद्यापासून पापड बंद. (ओणम झाल्यावर.)
तालीम. मोठी ओळ एका श्वासात बसेना, म्हणून मध्ये तोडून गायलो. नवा बाज. वल्ही एकमेकांवर आपटली. पिळ्ळा म्हणाला, ताल गेला. आजकालच्या पोरांना कान नाही. जुनी माणसं असती तर दाद दिली असती.
ओमेगा दुप्पट केली. ढेकराला माशाचा वास येतो. म्हणजे अंगी लागतेय.

२९ ऑगस्ट
पिळ्ळा आणि उण्णित्तान घरी आले. विलासिनीनं पिळ्ळाला सांगून टाकलंय की डॉक्टरचा होकार नाही. घरचा भेदी! पिळ्ळा खाली मान घालून म्हणाला, "कैमळदादा, होडी मधोमध असताना तुम्हाला काही झालं तर मी वल्ही थांबवू की तुम्हाला धरू?"
उण्णित्तान चहा बिनसाखरेचा प्याला. ढोंगी.
ठीक आहे. उद्या जातो त्या एलियम्माकडे. सगळ्यांची तोंडं एकदाच बंद करतो.

३० ऑगस्ट
ईसीजी काढला. मग छातीवर ते गार जेल लावून सोनोग्राफीसारखं काहीतरी. एलियम्मानं स्क्रीनवर दोन-तीनदा मोजमाप घेतलं. मग खुर्ची वळवून विलासिनीशी बोलायला लागली. पेशंट मी!
म्हणाली, अटॅक येऊन गेलाय. साधारण दोन आठवडे झाले असावेत. इतक्या वर्षांच्या साखरेनं नसा बोथट होतात, मग कळ वरपर्यंत पोचतच नाही. हृदयाचा एक भाग नीट आकुंचन पावत नाहीये. आजच्या आज ॲडमिट.
मी विचारलं, ओमेगामुळे थोडक्यात निभावलं ना? तिनं जुन्या गोळ्या कधीपासून बंद आहेत, एवढंच विचारलं. विलासिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊकच नव्हतं की बंद आहेत.
मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पार्किंगची व्यवस्था अत्यंत बेशिस्त.

३ सप्टेंबर, हॉस्पिटल
स्टेंट घातला. सती फोनवर रडत होती, मीच का आणल्या त्या बाटल्या म्हणून. मी समजूत घातली की ब्रँड चुकला असेल. मग ती जास्तच रडली.
बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन दिलं. न विचारता.
शर्यतीबद्दल एलियम्माला विचारलं. काठावरही गर्दीत उभं राहायचं नाही म्हणाली. पिळ्ळाला फोन करून कळवलं की तरुणांना संधी देण्यासाठी मी यंदा स्वेच्छेनं बाजूला होतोय. उण्णित्तान माझ्याहून एका वर्षानं मोठा आहे, हे नंतर लक्षात आलं.

९ सप्टेंबर, घरी
आज शर्यत. विलासिनीही गेली नाही. गावात सून म्हणून आल्यापासून तिनं एकही चुकवली नव्हती. जा म्हटलं, ऐकलं नाही. फोनवर लाइव्ह लावून दिलं.
उण्णित्तानचा आवाज नाकातला. वरच्या पट्टीत चिरकतो. लांब ओळ आली. इथे तुटणार म्हणून मी वाट बघत राहिलो. तुटली नाही. शंभर वल्ही एका दमात पाण्यात गेली आणि एका दमात वर आली.
मीही बसल्या बसल्या ओळ धरली. हळू, विलासिनीला ऐकू जाणार नाही इतकी. निम्म्यावर श्वास संपला. पुन्हा धरली, पुन्हा संपला. घाबरलो. खरोखर घाबरलो. नदीवरून घरापर्यंत ऐकू जाणारा आवाज होता माझा, आता खोलीसुद्धा भरत नाही.
ती म्हणाली, "बंद करू का?" मी म्हटलं, राहू दे, नेटवर्क खराब आहे, म्हणून सूर तुटल्यासारखा वाटतोय. तिनं इथल्या कारखान्यातल्या गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. मी त्या पाण्याबरोबर घेतल्या.
आमची होडी पहिली आली. मी गायला लागल्यापासून पहिल्यांदाच.