ब्रिजिडबाईंचं भांडं

डब्लिन, ओहायो

आदरणीय रोशनीताईस अंजनाचा सप्रेम जय भीम.

तुझे गुडघे काय म्हणतात? तिकडे टेक्ससात, अर्विंगच्या उन्हात त्यांना बरं वाटत असेल. भाऊजींना म्हणावं, बर्फी कपाटात लपवून खाल्ली तरी शुगर वाढायची ती वाढतेच. मी बरी आहे, झोप तेवढी उडाली आहे. (फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतेस.)

तर आमच्या दीक्षाने, काम घरूनच करता येतं म्हणून, एका बेटावर राहायला जायचं काढलं. मिशिगनच्या तळ्यात (तळं म्हणायचं, पलीकडचा काठ काही दिसत नाही) एवढंसं बेट. फार पूर्वी आयर्लंडजवळच्या कुठल्याशा बेटावरची माणसं इथे येऊन राहिली आणि त्यांची पतवंडं अजून सगळं मिळून चालवतात. मालक कुणी नाही. होडी, जनरेटर, स्वयंपाक, सगळं पाळीपाळीनं. माणसं कमी झाली की रिकामी घरं बाहेरच्यांना देतात, पण आधी आठवडाभर राहून बघायचं. माझी एकुलती एक पोर तिथे जाऊन बसली तर मी इथे कुणाचं तोंड बघू? तिचा बेत मोडायचा, एवढ्यासाठीच मी सोबत निघाले. ती म्हणाली, "आई, तू फुल टाइम कम्प्लेन करणार, मला माहितीय. चल, पण प्लीज लोणचं पॅक करू नकोस." मी केलं.

दिवसभर ड्राइव्ह, मग होडी. होडीत मला ओकारी झाली आणि ज्यांच्या बुटांवर झाली ते त्या आठवड्याचे नावाडीही होते आणि पोस्टमास्तरही. घर मिळालं अगदी टोकाला. पहिल्याच सकाळी पायरीवर झाकलेलं निळं भांडं, आत बटाट्याचं गरम सूप. शेजार चांगला आहे म्हटलं. पण मीठ नावाला नाही, आणि हे मी शेगडीपाशी मोठ्यानं बोलूनही दाखवलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे आपल्या आईनं डोक्यात टपली मारून शिकवलेलं, म्हणून मी शिरा करून भांडं भरून पायरीवर ठेवलं. दुपारी ते गेलेलं होतं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा सूप. मीठ बरोबर. मी म्हटलं, योगायोग. मग भांडी घासताना मी सहज पुटपुटले की जिरं असतं तर बहार होती, आणि पुढच्या सूपात जिरं. ताई, त्या अख्ख्या बेटावर मराठी कळणारं दीक्षा सोडून कुणी नाही, आणि दीक्षा दहा वाजेपर्यंत उठत नाही. शेवटी एकदा, कुणाला ऐकवायचं म्हणून नव्हे, मी बोलून गेले की हे गेल्यापासून मला कुणी गरम वाढलं नाही. दुसऱ्या सकाळी भांडं पायरीवर नव्हतं. टेबलावर होतं, शेजारी चमचा, खुर्ची मागे ओढलेली. दाराची कडी आतून लागलेली होती. (मी खाल्लं. गरम होतं, टाकणार कसं?)

त्या दिवशी सगळ्यांच्या एकत्र जेवणात मी बेटावरच्या जुन्याजाणत्या नोराबाईंना विचारलं की आभार कुणाचे मानायचे. आधी त्यांना समजेना, मग भांड्याचा निळा रंग सांगितला तेव्हा त्यांच्या हातातला पाव तसाच राहिला. ते भांडं ब्रिजिडबाईंचं. बाई त्याच घरात गेल्या हिवाळ्यात वारल्या. तिथली जुनी रीत अशी की नवं माणूस आलं की घरातल्या गेलेल्या माणसाचं भांडं सकाळी पायरीवर येतं. आपण ते धुऊन रिकामं ठेवायचं, त्याचा अर्थ, आम्ही पाहुणे, तुम्ही निवांत असा. मग ते पुन्हा येत नाही. आजवर ते कुणी भरून दिलं नव्हतं. मी विचारलं, पण पायरीवर ठेवतं कोण? नोराबाईंनी पावाची टोपली माझ्याकडे सरकवली.

दीक्षा पांढरीफटक. "आई, वी आर लीव्हिंग. आत्ता." गाडीत तिने बेटाचा बेत कॅन्सल केला आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही म्हणून बजावलं. म्हणजे मी जिंकले. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. देवच मानत नाही, तिथे भूत कुठून मानणार? मी त्या ब्रिजिडबाईलाही मानत नाही. बाईच्या हाताला चव आहे, एवढंच.

भाऊजींना जय भीम, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अंजना

ता.क. दीक्षाने आता तिच्या अनुपबरोबर तुमच्या टेक्ससातच शुगर लँडला घर बघितलं आहे. पुढच्या महिन्यात जाईल. मला म्हणाली, तूही ये, पण गेस्ट रूममध्ये ट्रेडमिल ठेवणार आहेत. फार वाईट वाटलं गं, रडलेसुद्धा.

आणखी ता.क. मुख्य काम राहिलंच. तुझ्याकडचा सावजी मसाला मोठा डबा भरून पाठव. पत्ता बेटाचा घाल, मी त्या लोकांना तिथे राहायला येते म्हणून कळवलं आहे. तिखट जास्त घाल. मी काल इथल्या किचनमध्ये उभी राहून ब्रिजिडबाईला विचारलं, तिला चालतं.