बिडाचा हात

६ मे १९७४, मिरज

साळू, तुझे गुडघे कसे आहेत? विजयमालेचा खोकला उतरला का? सूनबाई औषध घेत नाही, खिडकीतून ओतते, लक्ष ठेव. हंबीररावाचं पलटणीतून कार्ड आलं का? धाकट्या नातवाला दात आले का, की अजून नुसती लाळ? म्हैस पान्हवते ना? आणि वाघ्या? कुत्र्याची चौकशी केली म्हणून हसू नकोस, स्टेशनापर्यंत तेच एक धावत आलं होतं.

मी खुशाल आहे. कार्डात सगळं मावत नाही म्हणून ही वही केली. सुट्टीला आलो की ओसरीवर बसून तुझे गुडघे चोळत चोळत वाचून दाखवीन.

नोकरी झकास आहे. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा कारखाना. पंपाचा एखादा भाग करायचा तर आधी तो लाकडात कोरतात, त्याला पॅटर्न म्हणायचं. तो पेटीतल्या ओल्या वाळूत दाबून काढला की खड्डा उरतो, त्यात वितळलेलं लोखंड, म्हणजे बीड, ओतायचं. पंपात सुधारणा झाली की नवा पॅटर्न येतो, पण जुना फेकत नाहीत. आटपाडीकडच्या कुणा शेतकऱ्याचा जुना पंप फुटला तर त्याला जुनाच तुकडा लागतो ना! म्हणून इथं भिंतभर मांडणी आहे. प्रत्येक पॅटर्नचा पहिला, दुसरा, तिसरा अवतार आपापल्या खुंटीवर, आणि कुणी बदलला, का बदलला, ते पत्र्याच्या बिल्ल्यावर. मांडणी माझ्या आधीच्या केरबानं उभी केली. ती कशी वापरायची याचं नीट पुस्तक लिहायचं आणि बदल होतील तसं ते सुधारत राहायचं, हे माझं काम. मालक नानासो म्हणाले की मोठ्या गिऱ्हाइकाचे साहेब तपासायला येतात, त्यांना तोंडी चालत नाही, कागद लागतो. पलटणीच्या स्टोअरमध्ये किराणाच्या पिशव्यांवरची अक्षरं वाचत शिकलेला मी, आणि आता पुस्तक लिहिणार. तुझ्या माहेरी कळव.

९ मे

आज गंमत झाली. इथं नवा माणूस आला की त्याचा डावा हात वाळूत दाबून बिडात ओततात आणि मांडणीच्या शेवटच्या फळीवर टांगतात. अल्लाबक्ष मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, मिरजेचाच, वयानं माझ्याएवढा, त्यानं माझा हात धरून वाळूत दाबला. म्हणाला, दादा, ह्यो तुमचा पयला. माणूस बदलला तर दुसरा वतू. हात असा उठलाय की रेषासुद्धा दिसतात. तू भाकरी थापताना चटका दिला होतास त्याचा डागही आला.

केरबाच्या खुंटीवर त्याचा म्हातारपणीचा हात आहे, सुरकुतलेला. पहिला नाही. मी विचारलं तर अल्लाबक्ष म्हणाला की पहिला केरबानंच नेला, आणि मग केरबा आटपाडीला गेला. बघून आलेले लोक सांगतात की त्याचे केस काळे झालेत आणि सुतासारखा सरळ चालतो. गावचं पाणी मानवलं म्हणायचं.

२१ मे

साळू, तुझ्यापाशी काय लपवायचं. पोटात दुखतंय. मी कितीही सुबक लिहिलं तरी कुणीही उठतो आणि म्हणतो, केरबा असं करायचा. चहाला बसलो तरी केरबा. त्याचं पुस्तक म्हणजे तेलकट पानं, निम्मे शब्द कानडी, तरी पोरं ती तोंडपाठ म्हणतात. सगळ्यात लाडका नियम हा: "एक काढला तर दुसरा आत. दोन एकदम बाहेर नाहीत." कारण लिहिलेलं नाही. मी विचारलं तर सगळे हसले, म्हणे, केरबानं सांगितलंय म्हणजे असंल कायतरी.

मेलेल्या माणसाचासुद्धा इतका मान कुणी ठेवत नाही, आणि हा तर जिवंत आहे.

१४ जून

आज तो नियम मी खोडला. रागानं नाही, विचारानं. निदान असं मी स्वतःला सांगतोय. दोन पॅटर्न शेजारी ठेवले की मोल्डरला फरक दिसतो, खुंटीकडं खेपा वाचतात. नव्या पानावर लिहिलं: "सोयीसाठी जुना व नवा दोन्ही बाहेर काढण्यास हरकत नाही." नानासोंनी पाठ थोपटली. म्हणाले, दादासो, केरबाला हे सुचलं नव्हतं. साळू, ते वाक्य मी दिवसभर जिभेवर खडीसाखरेसारखं घोळवलं.

अल्लाबक्ष वाळू चाळत राहिला.

८ जुलै

दवाखान्यातून लिहितो. घाबरू नकोस. वाळूच्या पेटीत पंपाच्या तुकड्याचा वरचा भाग कुणी जुन्या पॅटर्ननं दाबला, खालचा नव्यानं. दोन्ही बाहेरच होते. ओतून निघालेला तुकडा दिसायला धड, पण उचलताना जोडावर मधोमध तडकला, आणि निम्मा माझ्या डाव्या हातावर पडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, इलाज चांगला आहे.

केरबाच्या नियमाचं कारण कळलं. कुणाला सांगितलं नाही. नियम परत लिहिला तर सगळे म्हणतील, बघा, केरबाचंच खरं.

२८ जुलै

गावाहून परत आलो. तू माझं सगळं केलंस. पण संध्याकाळी मी तेलाची वाटी घेऊन बसलो तेव्हा तू पाय आत घेतलेस. राहू द्या, दुखंल तुमास्नी, म्हणालीस. खरंच माझ्या काळजीनं म्हणालीस का गं? तू हाताकडं बघत नव्हतीस. लग्नाला इतकी वर्षं झाली, कोरेगावच्या बाजारात तुला जरीचं पातळ घेता आलं नाही, माडी बांधता आली नाही. पण गुडघे मीच चोळायचो. तेवढी एक गोष्ट माझी होती.

२ ऑगस्ट

चालीप्रमाणं अल्लाबक्षनं हात पुन्हा ओतला. दुसरा. तीन बोटांचा. बघवत नाही. तो मी टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवलाय आणि पहिला खुंटीवरून काढला. अल्लाबक्ष म्हणाला की दादा, मग ह्यो तरी आत टांगा. मी म्हणालो की पुस्तकात आता तसं नाही. तो म्हणाला, पुस्तक तुमीच लिवता, दादा.

पहिला हात फडक्यात गुंडाळून बादशहाजवळ तुला धाडतोय. बादशहा आमचा लॉरीवाला, रहिमतपूरकडं पंप घेऊन जातो. साळू, हा माझा खरा हात. देवळीत ठेव. माझी आठवण हीच असू दे, ती दुसरी नको.

१९ ऑगस्ट

विजयमालेचं पत्र आलं. दोनदा वाचलं. लिहिते की मामंजी, तुम्ही रजा काढून आलात ते बरं केलंत. बोटं परत जोडली, मिरजेचे डॉक्टर म्हणजे देवच, सगळं गाव बघायला येतंय. आत्याबाईंचे गुडघे तुम्ही रोज तेलानं चोळता, त्या विहिरीपर्यंत चालतात. तुमचं हसणंबिसणं पूर्वीसारखं झालंय. आणि टपालाचा पत्ता म्हणून मिरजेचाच लिहिलाय, कारण तुम्हीच म्हणालात की तिथं एकजण आहे, त्याला खुशाली कळवत जा.

जुलैत परत आल्यापासून मी मिरजेतून हललेलो नाही.

२० ऑगस्ट

थट्टा असेल. सूनबाई थट्टेखोर आहे.

२६ ऑगस्ट

दुसरं पत्र. त्यानं म्हशीला नाव ठेवलंय. दाराचा कोयंडा बसवला, जो मी दोन वर्षं बसवतो म्हणत होतो. जेवताना तुला हसवून हसवून ठसका आणतो. साळू, मी तुला शेवटचं कधी हसवलं?

मला भीती वाटायला हवी. भीती नंतर वाटते. आधी जळतंय. आपलाच आपल्याला हेवा वाटतो असं कुणी ऐकलंय का? केरबाचा हेवा केला तर बोटं गेली. आता याचा करून काय जाईल?

१ सप्टेंबर

गावी जाऊन आलो. सकाळच्या गाडीनं रहिमतपूर, पुढं पायी. भर दुपार होती, ऊन लख्ख, चुकायला जागा नव्हती.

ओसरीवर मीच बसलो होतो. पाठमोरा. तुझा पाय मांडीवर. दोन्ही हात चालत होते, दहाही बोटं. तू डोळे मिटून भिंतीला टेकली होतीस. तसा चेहरा तुझा मी पाहिलेला नाही. म्हणजे पाहिला असेल, पण समोर बसून. असा लांबून नाही.

वाघ्या माझ्यावर भुंकला. त्याच्या पायाशी जाऊन बसला.

मी हाक मारली. तू डोळे उघडून सरळ माझ्याकडं बघितलंस. विजयमालेला म्हणालीस की कुणी बिचारा उन्हातनं आलाय, राखंनं माखलाय, भाकरी दे त्याला. सूनबाईनं भाकरी आणून हातावर ठेवली. तीन बोटांच्या. चटणी पण दिली.

तो वळला नाही. पण हसला. खांदे हलले.

गाडीत भाकरी खाल्ली. तुझ्याच हातची. थापताना कड जाड राहते ना तुझी.

३ सप्टेंबर

अल्लाबक्षला सगळं सांगितलं. तो चेष्टा करील वाटलं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला की केरबानंबी असंच पयला हात घरी नेलता. त्याला बायकूला तरणा हात दावायचा हुता. मग घरी एक, हितं एक. लय दिवस न्हाई टिकलं. काय झालं विचारलं तर केरबाच्या त्या सुरकुतल्या हाताकडं बोट केलं. म्हणाला, हात लावून बघा.

लावला. भट्टीपासून लांब, सावलीत टांगलेलं बीड. गरम होतं. अंगात ताप असावा तसं.

४ सप्टेंबर

केरबाचा नियम पुस्तकात परत लिहिला. ठळक. खाली कारणही. सही माझी.

पण उशीर झालाय, ते मांडणीला कळतं.

९ सप्टेंबर

पत्र. विजयमालेचं अक्षर वाकडंतिकडं. आत्याबाईंचा उजवा गुडघा ठणठणीत. डावा गार पडलाय. लोखंडासारखा. वैद्य सुई टोचतो तर कळत नाही. कंबरेपर्यंत मधोमध रेघ उठलीय. डाव्या अंगानं त्या कुणालातरी हाका मारतात, उजव्या अंगानं हसतात. मामंजी चोळतात पण —

मधोमध. जोडावर. तो पंपाचा तुकडा आठवतो. निम्मा जुन्याचा, निम्मा नव्याचा. आधी धड दिसला. मग —

१० सप्टेंबर

बादशहाला म्हणालो, तो हात परत आण. तो म्हणाला, कसला हात, तुमीच गठुडं माझ्याकडनं उतरवून घेतलं की, वेशीवर. राम राम बी केला.

एक आत गेला पाहिजे. एकच. तो यायचा नाही. त्याला काय पडलंय? गुडघे त्याचे, हसणं त्याचं. मी त्याच्या जागी असतो तर आलो असतो का?

नसतो आलो. मीच आहे तो, मला माहीत नसेल तर कुणाला.

११ सप्टेंबर

टेबलावरचा हात कोमट झालाय. माझा गार. अल्लाबक्ष माझ्याशी बोलताना त्या हाताकडं बघतो.

पाय जड. वाळूत चाललो तर टाच उठता उठत नाही, मागं खड्डा उरतो. नीट, कोरलेला. पॅटर्न काढल्यासारखा.

मांडणीवरची माझी खुंटी दोन बोटं पुढं आलीय. भास असेल.

१२ सप्टेंबर

साळू. तुझी रेघ छातीपर्यंत येईल. ती तडकायच्या आत मी केरबासारखं खुंटीवर टांगून घेतलं तर तू वाचशील. कळतंय मला. पण तो तिथं आणि मी इथं — त्याच्या हातानं तुझे — नाही. अजून नाही. मला एकदा विचारू दे.

बादशहा दुपारी निघतोय. हे पान फाडून त्याच्याजवळ. विजयमाले, मोठ्यांदा वाच, तो शेतात गेला की वाच.

साळू, तुला लिहिता येत नाही, नुसता अंगठा उठव. मी हवा असलो तर तो पहिला हात घरात कुठं ठेवला असेल तिथून काढून, फडक्यात बांधून बादशहाकडं — तोच हवा असला तर अंगठा नको, काही नको, मी समजेन, मी हसत — खोटं. हसणार नाही. पण टांगून घेईन. तुझे गुडघे —

भाकरी दे त्याला म्हणालीस तेव्हा एक क्षण थांबली होतीस ना? थांबली होतीस. मी पाहिलं. ओळखलं होतंस? जराशी? तेवढंच सांग —

उजवा पण जड. टाक धरवत — अल्लाबक्ष दारात. टोपी हातात. घाई करू नको म्हणालो त्याला, उत्तर येऊ दे —

साळू, बादशहा परत यायच्या आत. अंगठा. उत्तर लवकर धा