कासवाचा डाव

दि. ३ मार्च

चि. मनीस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पाठदुखीवर तू सुचवलेले व्यायाम मी रोज वाचतो. तुझ्या वहिनीचं म्हणणं असं की ते करायचेही असतात. चौकशी चालू आहे.

आता कामाचं. आमची ऑनलाइन मंडळी, ज्यांना तू दादाचे अदृश्य मित्र म्हणतेस, त्यांच्यावर जरा प्रसंग आला आहे. आम्ही चौघं: मी, एक सुतारीण, एक कंपाउंडर आणि कासव. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, त्यामुळे उत्तम पटतं. आमचा रिवाज असा. लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो तसला एक जुना खेळ आहे. त्यात एक बुटका हातात कंदील घेऊन खड्ड्यांवरून उड्या मारत जातो. चौघांत मिळून डाव एकच. ज्याच्याकडे तो असेल त्यानं बुटका मरेपर्यंत खेळायचं, मग तो डाव पुढच्याला मेल करायचा आणि सोबत आपल्या घरात तोंडोतोंडी चालत आलेलं एक गाणं धाडायचं. पाळण्याचं, ओंडके ओढायचं, कसलंही. पुस्तकातलं चालत नाही. मास्तर असूनही मी हे पाळतो.

कासव पूर्वी बस चालवायचा. सावकाश खेळतो म्हणून कासव. घर नावाड्यांचं, त्यामुळे वल्ही मारतानाची गाणी त्याच्याकडे पुष्कळ. कान मात्र जात जात पार गेला, म्हणून मध्यंतरी ऑपरेशन करून आत यंत्र बसवून घेतलं. परवा लिहितो की बोलणं समजू लागलंय, पण गाणी पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी वाटतात. त्याच्या आईच्या आवाजातलं गाणं त्यानं जपून ठेवलंय. तेही तसंच लागलं. तेव्हा सध्या त्याच्याकडे असलेला डाव येत्या रविवारी पुढे, म्हणजे मला, धाडतो आणि मंडळीतून निघतो, म्हणाला. भाषा अतिशय नम्र. नम्र भाषेला मी फार भितो.

तू दवाखान्यात दिवसभर लोकांच्या कानांतच असतेस. हे सुधारतं का? तो गेला तर आम्ही तिघं उरू, आणि खरं सांगायचं तर मला करमणार नाही. हे वहिनीला सांगू नकोस.

लोभ आहे तेवढा जपून ठेव.

तुझा
दादा

---

दि. ११ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

वहिनीला कधीच माहीत आहे.

सुधारतं, पण सगळं सारखं नाही. बोलणं आधी येतं. गाण्यातला ठेकाही बऱ्यापैकी कळतो. सूर फार मागाहून येतो, आणि काहींना पुरता कधीच येत नाही. दाराच्या फटीतून गादी ओढून घ्यावी तसं त्या यंत्रातून सूर आत घ्यायचं काम आहे. आमच्याकडे एक शिंपीण येते. सुरुवातीला तिला नळाचं पाणी आणि नवरा यांतला फरक कळत नव्हता. तिचं काही अडलं नाही म्हणते.

त्याला इतक्यात गाणी पाठवू नका, आणि आता तरी ऐकू येतं का, असं तर मुळीच विचारू नका. माणसं त्या प्रश्नाला कंटाळून घराबाहेर पडेनाशी होतात. आणि दादा, कृपा करून सांत्वनपर श्लोक नको.

माया आहेच, कळावे.

तुझी
मनी

---

दि. २० मार्च

चि. मनीस अ. उ. आ.

आज्ञा पाळली. गाणं नाही, श्लोक नाही. पण तू ठेक्याचं म्हणालीस त्यावरून मला सुचलं. त्याच्या आईचं गाणं मी मागे उतरवून घेतलं होतं. ते स्वच्छ लिहिलं, प्रत्येक अक्षरावर लघु-गुरूची खूण केली, म्हणजे आखूड उच्चाराला चंद्रकोर आणि लांबवायच्या अक्षराला आडवी रेघ, आणि फोटो काढून पाठवला. तिसऱ्या ओळीत एक मात्रा कमी पडते, तेही नजरेस आणून दिलं.

तो म्हणाला तो रविवार गेला, पुढचाही गेला. ना डाव आला, ना उत्तर. मी काय पाठवलं ते सुतारणीला सांगितलं, तर ती म्हणाली की मी शाळेत शिकवतो हे तिला आज पहिल्यांदा पटलं. हे कौतुक नसावं.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझा
दादा

---

दि. २७ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

भुकेल्या माणसाला तू भांड्यांची यादी पाठवलीस. ज्याच्या हातून आईचं गाणं निसटलं, त्याला तू त्यातली चूक दाखवलीस. असं सुचायला पाठशाळेतच जावं लागतं.

आता लांबलचक माफीपत्र लिहू नकोस, तुझी माफी वाचायला वेगळी सुट्टी काढावी लागते. एक ओळ लिही. ती आधी वहिनीला दाखव.

रागावले आहे, तरी माया आहेच.

तुझी
मनी

---

दि. ९ एप्रिल

चि. मनीस अ. उ. आ.

एकच ओळ लिहिली: डाव तुझ्याकडेच राहू दे, घाई नाही. वहिनीनं त्यातलाही एक समास सोडवला.

काल डाव आला. सोबत गाणं नव्हतं. त्याऐवजी त्यानं स्वतःच्या खेळण्याचं चित्रण धाडलंय, आवाज बंद करून. या खेळात बटण टेकवून सोडलं तर बुटका आखूड उडी मारतो, दाबून धरलं तर लांब. पाहू लागलो तर हा सपाट रस्त्यावरसुद्धा उड्या मारतोय. वाटेतल्या मोहरा सोडतोय, कंदिलात तेल भरायचं विसरतोय. आखूड, आखूड, लांब. आखूड, लांब, लांब. वाटलं, कानामागोमाग हातही गेला की काय.

मग माझा कागद काढला. मने, अक्षराला अक्षर जुळत होतं. चंद्रकोरीला आखूड, रेघेला लांब. आईचं गाणं तो बोटानं वल्हवत होता. जिथे मात्रा कमी तिथे बुटका क्षणभर थांबला आणि पुढे निघाला.

चौथ्या ओळीशी मोठा खड्डा येतो. लांब उडीशिवाय तो ओलांडता येत नाही, आणि हे त्याच्याइतकं पक्कं आम्हां कुणालाच ठाऊक नाही. गाण्यात तिथे लघु आहे. त्यानं बटण टेकवलं आणि सोडलं. बुटका खड्ड्यात गेला. चित्रण तिथेच संपतं. खाली लिहिलंय की तो मेला, आता मास्तरांनी खेळावं, आणि पुढच्या खेपेला तो लांब अक्षरांचं गाणं निवडणार आहे.

म्हणजे आता डाव माझ्याकडे. तपासायच्या वह्या बाजूला सारून बसलोय. गाणं ठरलं आहे, आपल्या आईचं, ती तुला निजवताना म्हणायची ते. पहिली ओळ बोटात बसली. दुसरीचे शब्द मला आठवत नाहीत. तू तेव्हा जागीच असायचीस, तुला येत असतील. लिहून धाड. सूर नसला तरी चालेल.

लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर यावं.

तुझा
दादा