सूर्यातली झडप

प्रिय बोक्या,

तुला आता सगळे साहेब म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण साहेबाला पत्र लिहायचं तर वर तारीख, खाली विनंती आणि मधे खोटं लागतं म्हणे, आणि यातलं काहीच माझ्याजवळ नाही. म्हणून बोक्याच. मी बोलते आहे आणि शेजारची शिंपीण लिहिते आहे. कुणाच्या तरी ब्लाउजच्या बाह्या अर्ध्या टाकून, मशीन बंद करून बसली आहे बिचारी. तिला ताकीद दिली आहे की मी बोलेन तेच लिहायचं, शिवी आली तर शिवी लिहायची, आणि मधेच स्वतःच्या मनाचं ‘सविनय’ घुसडायचं नाही. मला वाचता येत नसलं तरी ओळी दिसतात. मी थोडं बोलले आणि हिनं फार लिहिलं, तर माझ्या लगेच लक्षात येतं.

माझं बरं आहे. गुडघे होते तिथेच आहेत. तू पाठवलेली काठी उत्तम आहे, खुर्चीतून न उठता तिनं पंख्याचं बटण दाबता येतं. चालायला मी जुनीच वापरते. तू उद्घाटनाला आला होतास तेव्हा तुझ्यासाठी चहा टाकला होता. तो कपात ओतेपर्यंत तुझ्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि तू उभ्याउभ्याच निघालास. तो चहा मी प्यायले. साखर तुझ्या मापानं घातली होती, फार गोड झाला होता.

तर तुझं ते केंद्र. ग्रामीण युवक विकास आणि गुन्हेगारी प्रतिबंध प्रकल्प. एवढं नाव पाटीवर वाचून होईस्तोवर आतला युवक म्हातारा व्हायचा. भाषणात तू म्हणालास की गावातली तरुण मुलं धोक्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत. मी मागे वळून बघितलं. खरंच उभी होती, कारण खुर्च्या सगळ्या पाहुण्यांना दिल्या होत्या. आपल्या गावात तोवर गुन्हा म्हणजे काय, तर संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर बसून पोरं एकमेकांच्या आयाबहिणी काढायची, कधी कुणाचं डोकं फुटायचं, कधी रस्त्यावरचा दिवा. ते चांगलं नव्हतंच. पण रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशी तुझ्या प्रकल्पाची तऱ्हा. ते केंद्र उघडतं दहाला आणि बंद होतं पाचला. त्या वेळात पोरं असतात शाळेत, वीटभट्टीवर, नाहीतर ट्रक भरायला. पाचला ती हातपाय धुऊन मोकळी होतात, आणि पाचला तुझा कुलूपवाला कुलूप लावतो. दवाखाना धडधाकट माणसांसाठी उघडा ठेवावा आणि कुणाला ताप चढला की दार लावून घ्यावं, तसं. हे मी कुलूपवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, आजी, वेळ वरून ठरून येते. वरून म्हणजे कुठून, असं मी विचारलं नाही. वर तूच बसला आहेस.

दिवसभर त्या हॉलमध्ये आम्ही म्हाताऱ्या बसतो, पंख्याखाली. ते टेबल टेनिसचं हिरवं टेबल मधोमध, त्यावर चादर, चादरीवर कुलूपवाल्याचा जेवणाचा डबा. बॅटी काचेच्या कपाटात, बघायला. एकदा वरून तपासणीला माणसं येणार म्हणून कळलं तेव्हा त्याची तारांबळ उडाली, कारण युवक एकही नाही. मग त्यानं आम्हाला टोप्या वाटल्या, मागच्या रांगेत उभं केलं आणि तोंडासमोर फलक धरायला लावले. तुझ्या त्या गुळगुळीत अहवालाच्या पहिल्याच पानावर डावीकडे फलकाआड जी युवती उभी आहे ना, ती मी. शिंपिणीनं फोनवर मोठं करून दाखवलं. या वयात तू माझा विकास केलास, नातू असावा तर असा.

मग ती समुपदेशक बाई आली. पोरगी वाईट नव्हती, चपला हातात घेऊन चिखलातून आली. पण पोरांना कामावरून बोलावून घेतलं, रंगीत खडू दिले आणि विचारलं, तुझ्या रागाचा रंग कोणता. शिंपिणीचा धाकटा, ज्याला सगळे टोळ म्हणतात, तो म्हणाला, ताई, आज अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलोय म्हणून लाल, पाचनंतर विचारलं असतं तर हिरवा म्हणालो असतो. तिनं ते लिहून घेतलं म्हणे, ‘असहकाराची वृत्ती’. शिंपीण इथे हसली. तिचाच पोरगा आहे, हसू दे, नंतर तिला फारसं हसायला मिळणार नाही.

ती जागा तुला वेगळी सांगायला नको. रंग दिला, फरशी घातली, तरी भिंती त्याच आहेत. मी ज्या गोदामात उभा जन्म बियाणं निवडत घालवला, तेच हे गोदाम. तुझी आई गेल्यावर तुला घरी एकटा कसा ठेवणार, म्हणून शाळा सुटली की तू तिकडेच यायचास. मुकादम पुढच्या दारातून पोरांना आत घेत नसे. मग मागच्या भिंतीत भुसा बाहेर ढकलायची ती लाकडी झडप होती, तिच्यातून तू सरपटत यायचास. बाहेरून खालच्या कोपऱ्यात तळव्यानं थाप मारली की आतली खुंटी आपोआप पडते, हे तुला मी शिकवलं, आणि मला माझ्या जोडीदारणीनं शिकवलं होतं, ती तर कधीच गेली. केसांत, कानांत भुसा घेऊन तू आत यायचास, पोत्यांच्या मागे बसून अभ्यास करायचास, आणि मुकादम आला की पोत्यासारखाच गप्प व्हायचास. तेव्हापासून तू बोका. आमच्या टोळीतल्या एकाही बाईनं तुझं नाव मुकादमाला कधी सांगितलं नाही. त्यानं एकदा सगळ्यांना धमकावलं होतं, सांगा आत कोण येतं, जी सांगेल तिला ओझ्याच्या कामातून सूट. ओझी सगळ्यांनाच नकोशी झाली होती. कुणी तोंड उघडलं नाही.

आता तिथे त्या भिंतीवर आतल्या बाजूनं तुझ्या प्रकल्पानं चित्र काढून घेतलं आहे. डोंगरामागून उगवणारा भलामोठा सूर्य आणि त्याच्याकडे बोट दाखवणारा एक गोरागोमटा युवक, त्याचे हात बघून वाटतं यानं आयुष्यात पाण्याची बादलीसुद्धा उचलली नसेल. रंगाऱ्यानं झडप काढली नाही, बुजवली नाही, तिच्यावरूनच पिवळा रंग फासला. झडप बरोबर सूर्यात आली. आतून बघणाऱ्याला ती दिसतच नाही.

पुढचं तू चौकशीच्या कागदावर वाचलं आहेस, पण कागदावर आवाज येत नाही. मला येतो, माझं घर त्या भिंतीला लागून. पाचनंतर, कुलूपवाला सायकलवर टांग टाकून गेला की थोड्या वेळानं आतून टक-टक, टक-टक सुरू व्हायचं. आधी अडखळत, मग लयीत. मधेच हशा, मधेच भांडण, पण ते भांडण चेंडू टेबलावर पडला की बाहेर, एवढ्यापुरतं. पुलाचा कठडा ओस पडला. रस्त्यावरचे दिवे शाबूत राहिले. दुकानदार मला म्हणाला, आजी, पोरांना काय झालंय, हल्ली नमस्कार करतात. जाताना ती पोरं केर काढून, टेबलावर चादर घालून, कुलूपवाल्यानं विसरलेला डबासुद्धा धुऊन ठेवायची. तिथेच घोडं अडलं. धुतलेला डबा बघून त्याला संशय आला. घाणेरडा ठेवला असता तर अजून खेळत असती.

त्यानं एक दिवस लपून राहून चौघांना धरलं. सूर्यातून एक एक पोर बाहेर येताना बघून त्याला घाम फुटला म्हणे. आणि मग तुमची सगळी यंत्रणा जागी झाली. इतके दिवस गुन्हेगारी रोखायला बसलेल्या माणसांना गुन्हा सापडत नव्हता, तो अखेर स्वतःच्याच घरात सापडला. काय आनंद झाला सगळ्यांना. फोटो काढले, भिंतीचं माप घेतलं. घरफोडी म्हणे. अरे, काय फोडलं? चोरी करून त्यांनी नेलं काय? घाम आणला आणि घाम घेऊन गेले. तुमच्या प्रकल्पानं जे करायचं तेच त्या पोरांनी तुमच्या परवानगीशिवाय केलं, एवढाच तो गुन्हा. ठरलेल्या वेळात, टोपी घालून, फोटोसाठी हसत केलं असतं तर तोच विकास होता.

गुरुवारी तुझी समिती बसणार आहे आणि तू तिच्या मधल्या खुर्चीत. चौघांना सुधारगृहात पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवणार. टोळाला एसटीच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून घेतलं आहे, पण केंद्राकडून वर्तणुकीचा दाखला लागतो, आणि तो तुझ्या सहीनं निघतो. सही झाली नाही तर पोरगा परत भट्टीवर. शिंपिणीला तुला माफीचा अर्ज करायचा होता. त्यासाठीच सकाळी माझ्याकडे शब्द मागायला आली होती. मी म्हटलं, ठेव तो अर्ज, आधी माझं पत्र लिही. माफी हा शब्द मी या पत्रात माफी नको म्हणण्यापुरताच येऊ देणार आहे.

शब्द मागताना तिनं एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. तुमच्या माणसांनी पोरांना वेगवेगळं बसवून सांगितलं की ती झडप तुम्हाला कुणी दाखवली त्याचं नाव सांगा. पोरं हुशार नाहीत एवढी, गोदामाचा माहीतगार कुणीतरी मोठा माणूस यात आहे, त्याचं नाव जो देईल त्याला सोडू. टोळाला तर दाखलाही देऊ म्हणाले. चौघांपैकी एकानंही नाव दिलं नाही. शिंपीण तेव्हापासून त्या अज्ञात माणसाला शिव्या घालते आहे, की तो कोण मेला लपून बसला आहे आणि माझा पोरगा त्याच्यापायी सडतो आहे.

लिही गं, पेन थांबवू नकोस. तो मेला मी. कठड्यावर दोघांनी एकमेकांवर दगड उचलले त्या संध्याकाळी मी पोरांना काठीनं हाकलत मागच्या भिंतीशी नेलं आणि खालच्या कोपऱ्यात थाप मारून दाखवली. नुसती दाखवली नाही, आतही गेले. दोघांनी खालून ढकललं, टोळानं आतून ओढलं, आणि मग रोज संध्याकाळी मी खुर्ची टाकून गुण मोजायला बसले. घरी बसून तरी कुणाची वाट बघायची होती? ते धरले गेले त्या दिवशी माझा गुडघा धरला होता म्हणून मी घरी होते, नाहीतर कुलूपवाल्याला सूर्यातून निघणारी म्हातारीही बघायला मिळाली असती. शिंपीण माझ्याकडे बघते आहे. आपल्या पोरानं कुणासाठी तोंड मिटून घेतलं हे तिला स्वतःच्याच हातानं लिहिताना कळतं आहे. बोल बाई मला काय बोलायचं ते, पण हे पत्र संपल्यावर. आणि बोक्या, आता तुझं. ती थाप कुठे मारायची हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, तुला आणि मला. कागदावर ‘मागच्या झडपेतून’ एवढं वाचलंस त्याच क्षणी तुला कळलं असणार की दाखवणारं कोण. तरीही तू त्या पोरांना नाव विचारायला माणसं पाठवलीस, किंवा पाठवू दिलीस, आणि स्वतः पोत्यासारखा गप्प बसलास. माझ्यासाठी गप्प बसलास की खुर्चीसाठी, ते मी या पत्रात विचारत नाही. गुरुवारी मी येते आहे. चौघांच्या रांगेत पाचवी खुर्ची मांडून ठेव, पाठ टेकता येईल अशी. नाव मी स्वतः सांगेन. त्यानंतर ती झडप उघडायला मला कुणी शिकवलं आणि मी आणखी कुणाला शिकवलं, असं समितीनं विचारलं, तर मी माझ्या जोडीदारणीचं नाव सांगेन आणि मग तुझ्याकडे बघेन. तुझं नाव मी घेणार नाही. आमच्या टोळीत ती रीत नाही. ते तुझं तुलाच घ्यावं लागेल. घेतलंस तर संध्याकाळी घरी ये, चहा टाकते. या वेळी ड्रायव्हरला सांग, हॉर्न वाजवायचा नाही.

तुझीच,
अहवालातली युवती, म्हणजे आजी

(खालचा अंगठा माझाच आहे. शिंपिणीचा नव्हे, ती सही करते.)