समुद्राला न दिलेले जव

रियाध,
२८ जुलै २०१९

प्रिय गानिमदादा,

सलाम. तुम्ही, वहिनी, मुलं, सुना, नातवंडं सगळी खुशाल असाल. इकडे आम्ही ठीक. उन्हाळा असा पेटलाय की दुपारी नळाला येतं ते पाणी नव्हे, चहाच. तुमच्या कानांना फोनवरचं बोलणं पोचत नाही, म्हणून कागद घेऊन बसले. माझा थोरला, बंदर, गुरुवारी कामासाठी दम्मामला जातोय. तिथून पूल ओलांडून तुमच्या बेटावर, मुहर्रकला येईल आणि हे पत्र तुमच्या हातात देईल. त्याला उपाशी परत पाठवू नका, तो भिडस्त आहे, मागणार नाही.

तुमचं पत्र मिळालं. तीनदा वाचलं. मागची खोली माझ्यासाठी रंगवून घेतलीत, खिडकीला नवी जाळी बसवलीत, वाचून बरं वाटलं. एवढी घाई नव्हती खरं तर. मुसाइद गेल्यावर विधवेनं घरात बसायचे ते चार महिने दहा दिवस संपून दोनच महिने झालेत. अजून बाहेर पडताना दाराशी पाय अडखळतो.

मयतीला तुम्ही आला नाहीत, त्याचं मनाला लावून घेऊ नका. गुडघे दुखत असताना पाच तास गाडीत कसं बसणार? तुमचा फवाज येऊन गेला. पुरुषांत बसला, कॉफी घेतली, उन्हं उतरायच्या आत निघाला. असो.

तुम्ही लिहिलंय, ‘रियाध काही खलीज नाही. जिथं भरती येत नाही तिथं आपल्या माणसानं म्हातारपण काढू नये.’ गंमत म्हणजे परवा हाच वाद आमच्या स्वयंपाकघरात झाला. शेजारची उम्म राकान मूळची दम्मामची, म्हणजे किनाऱ्यावरची. ती माझ्या सुनेला, हुस्साला, डिवचत होती. “समुद्र नाही, होडी नाही, माशाचं नाव विचारलं तर ‘मोठा’ नाहीतर ‘छोटा’ सांगता, आणि म्हणे आम्ही खलीजी, आखाताची माणसं!” हुस्सा आमची बुरैदाची, वाळवंटाच्या पार पोटातली. ती ऐकून घेतेय होय? “बाई गं, आमच्या कब्शाच्या भातात वाळलेलं लिंबू जास्त पडलं की झाला तुमचा मचबूस. नाव बदललं म्हणून पातेलं बदलतं का?” मग दोघी माझ्याकडे वळल्या. “खाला, तुम्हीच सांगा. तुम्ही दोन्हीकडच्या.” मी म्हटलं, भात लागतोय, आधी त्याच्याकडे बघा. अशी सुटका करून घेतली.

अलीकडे दुपारी झोप फार लागते, आणि एकच स्वप्न पडतं. आमच्या मलझच्या गल्लीत भरती येते. आवाज नाही, लाट नाही, पाणी नुसतं दारादारातून हळूहळू चढत जातं. मुसाइद अंगरखा गुडघ्यापर्यंत उचलून पाण्यात उभे असतात आणि मला विचारतात, “नैला, हे परत कधी जातं?” मी उत्तर देते, पण काय दिलं ते जागी झाल्यावर आठवत नाही. उठते तेव्हा अंगण कोरडं ठणठणीत असतं, आणि उन्हात धूळ लोंबकळत असते.

ईदच्या आदल्या दिवशी, अरफाला, मी येते. तुमच्या नातींबरोबर मीही हिय्या, आपली जवाची टोपली, समुद्रात टाकायला येईन, लहानपणी आपण जात होतो तशी. मी जव पेरलेत. खजुरीच्या पात्यांची टोपली आईनं शिकवली तशीच विणली. कूलरच्या गारव्याला ठेवलीय, चार बोटं उंच झालेत. तिथं राहण्याचं आल्यावर बोलू.

वहिनींना सलाम, लेकरांना आशीर्वाद.

तुमची बहीण,
नैला


रियाध,
१६ ऑगस्ट २०१९

प्रिय गानिमदादा,

सलाम. ईद नीट पार पडली असेल. मी ईदच्या जेवणाला न थांबता, पहाटेची नमाज झाल्याबरोबर बंदरला घेऊन निघाले, त्याबद्दल वहिनींची माफी मागते. त्यांनी माझ्यासाठी वेगळा मासा काढून ठेवला होता, हे मला माहीत आहे. चूक माझी. पण मी थांबले असते तर सगळ्यांसमोर काहीतरी बोलले असते आणि ते अर्धवटच राहिलं असतं.

समुद्रावर काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. पोरींनी आपापल्या टोपल्या गरागरा फिरवून पाण्यात भिरकावल्या, गाणी म्हटली, टाळ्या पिटल्या. मी पाण्यात घोट्यापर्यंत उभी, आणि हात काही सुटेना. तुमची शेमा ओरडली, “आजी पाण्याला घाबरते!” सगळ्या हसल्या. मीही हसले. तुम्ही म्हणालात, “टाक नैला, ओहोटी लागेल.” मी टाकली नाही. टोपली छातीशी धरून परत गाडीकडे आले. तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, “चव्वेचाळीस वर्षांत एवढंच शिकलीस? आपण देतो, ते लोक साठवतात. तू त्यांची झालीस.”

दादा, मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. आईपासूनही लपवली, आणि ती तशीच गेली. आता सांगते.

पंचाहत्तर साली लग्न होऊन मी इथं आले, तेव्हा आईनं निघताना माझ्या हातात कोवळ्या जवाची टोपली दिली होती. लाँचमधून खोबरला आले, तिथून आगगाडीनं रियाधला, सगळा वेळ ती मांडीवर. नवऱ्याचा चेहरा मी तिच्या पात्यांमधून पाहिला म्हणा ना. अरफाचा दिवस आला. मी मुसाइदना म्हटलं, समुद्रावर न्या, मला ही टाकायची आहे. त्यांना आधी समजेचना. मग समजलं आणि ते घाबरले. “उगवलेलं टाकायचं? हिरवं? नैला, आमच्याकडे उगवलेल्याला कुणी हात लावलेला चालत नाही.” मी म्हटलं, आमच्यात हीच रीत. मी उपासाची होते, दुपारी डोळा लागला. उठून पाहते तो टोपली रिकामी. यांनी अंगणात, पाण्याच्या टाकीच्या कडेला, बोटानं खड्डे करून एक एक रोप लावलं होतं. ढोपरापर्यंत चिखल. आणि चेहऱ्यावर केवढा आनंद! “बघ, एकही मेलं नाही.”

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ईदचे तिन्ही दिवस. मला वाटलं, माझं माहेर यांनी पुरून टाकलं. तुम्ही धक्क्यावर मला म्हणाला होतात, समुद्र नसलेल्या माणसांना आपलं काही कळणार नाही. तेच खरं, असं म्हणून मी पालथी पडून रडत राहिले. हे दाराबाहेर खजूर ठेवून जायचे, परत येऊन बघायचे, तसेच असले की माश्या हाकलत बसायचे.

मग हिवाळ्याचा पाऊस आला. फेब्रुवारीत कणसं धरली. मार्चच्या एका संध्याकाळी त्यांनी ती तळहातांत चोळली, फुंकर घालून फोल उडवलं आणि मूठभर दाणे माझ्या ओंजळीत घातले. म्हणाले, “तुझ्या आईचं बी. पुढच्या वर्षीही लाव. मग टाक, मी नेईन तुला.” आणि खरंच पुढच्या वर्षी त्यांनी गाडी काढली. आम्ही निघालो, आणि शहर संपायच्या आत मीच म्हटलं, माघारी वळा.

तेव्हापासून एकदाही टाकली नाही. अरफाच्या दिवशी आम्ही दोघं ती अंगणात लावत आलो. सण उन्हाळ्यात यायचा तेव्हा दोन दिवसांत सगळं करपायचं, आम्हाला माहीत असायचं, तरी लावायचो. थोडं बी डब्यात मागे राखायचो. आई दर ईदला पत्रात विचारायची, ‘समुद्राला दिलीस ना?’ मी लिहायची, ‘दिली.’ किती वर्षं खोटं लिहिलं, दादा. हे मला एकदा म्हणाले होते, “खरं लिही, त्या समजतील.” मी म्हटलं, तुम्हाला किनाऱ्यावरची माणसं ठाऊक नाहीत. तर हे म्हणाले, “माझा आजा दर उन्हाळ्यात उंटावरून किनाऱ्यापर्यंत आणि तिथून होडीनं तुमच्याकडे यायचा, मोत्यांसाठी बुडी मारायला. पोहताही येत नव्हतं बिचाऱ्याला. मला थोडं ठाऊक आहे.”

परवा माझ्या हातात होते ते आईचेच जव. ते मला समुद्रात फेकता आले नाहीत. तुम्ही म्हणालात ते निम्मं खरं आहे. मी त्यांची झाले. पण म्हणून तुमची नाही, असं कुठं लिहिलंय? आपल्या घराच्या उंबऱ्याला पूर्वी भरतीचं पाणी लागायचं. आता भराव घालून घालून समुद्र इतका लांब गेलाय की परवा आपण तिथं गाडी करून गेलो. मग तुम्ही खलीजी राहिला नाहीत का? तुम्ही राहिलात. मग मीही राहिले.

मागच्या खोलीत शेमाला अभ्यासाला बसू द्या. मी तिथं राहायला येणार नाही. हे पहिल्याच पत्रात लिहायचं होतं, धीर झाला नाही. इथं का राहते म्हणाल, तर नीट सांगताही येत नाही. त्यांच्या कबरीसाठी म्हणावं, तर ती कुठली हेही मला ठाऊक नाही. इथं दगडावर नाव घालत नाहीत, आणि बायका तिकडं जात नाहीत. मुलांसाठी म्हणावं, तर मुलं आपापल्या संसारात. दुपारी झोपून उठते, अंगणात धूळ सोनेरी होऊन थांबलेली असते, आणि क्षणभर वाटतं की टाकीपाशी कुणीतरी बसलंय, पाठमोरं, बोटानं माती उकरतंय. तेवढ्यासाठी राहते. येडेपणा म्हणा हवं तर.

आता शेवटचं. गुडघे दुखत होते हे मी तुमची बाजू सांभाळायला लिहिलं होतं. फवाजनं मला जाताना सांगितलं, “अब्बा नवे जोडे घालून दारापर्यंत आले होते, मग माघारी फिरले.” सात महिने मी हे कुणाला बोलले नाही.

दादा, आता तुम्ही-बिम्ही राहू दे. माझा नवरा गेला तेव्हा हे घर माणसांनी भरलं होतं. त्यांच्या बहिणी, त्यांच्या भावजया, त्यांच्या मावश्या. सगळ्यांनी मला जवळ घेतलं, आणि मी त्यांचंच सांत्वन करत राहिले, कारण त्यांचं माणूस गेलं होतं. माझं माणूस गेलं म्हणून माझ्याकडे बघणारं, मला लहानपणापासून ओळखणारं त्या घरात कुणीच नव्हतं. मी अजून रडलेली नाही. सात महिने झाले. मला येतच नाही.

मयतीला जायचे तीन दिवस कधीच उलटून गेले. तरी तू ये. मी पुन्हा कॉफी मांडीन, पुन्हा सतरंजी घालीन, बंदर दाराशी उभा राहील, आणि तू आत येऊन म्हणायचं ते म्हण, जसं काही ते आजच गेलेत. मग मला रडता येईल. दुसरं काही नको. वाद नको, खोली नको, मासा नको.

आणि एवढ्यात जमलं नाही तरी चालेल. मी कॉफी रोजच करते.

तुझी,
नैला, रियाधची