डावीकडचा दुसरा पाइप

मी, व्हर्ल यॉर्गेन्सन, वय चौऱ्याहत्तर, कोळशाच्या खाणीतला निवृत्त मेकॅनिक, राहणार कॅसल डेल, युटा, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. अक्कल ठिकाणावर आहे. कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात कोणी उरलेलंही नाही. माझी बायको आर्डिस सहा वर्षांपूर्वी गेली. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात खोटं काही नव्हतं, पण लिहायला हवं होतं तेही नव्हतं.

कलम १. घर, मागची दोन एकर जमीन आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी जॅनील, राहणार ओमाहा, हिला मिळावी. जमिनीबरोबर पाटाच्या पाण्याची पाळीही तिचीच: मंगळवार, सकाळी सहा ते नऊ. शेजारचा अर्डेल त्यातला शेवटचा अर्धा तास अकरा वर्षं स्वतःकडे वळवतो आहे. त्याला मी माफ केलं आहे. ही माफी माझ्या मृत्यूनंतर तीन दिवसांनी लागू होईल.

कलम २. वेल्डिंगचं मशीन शाळेच्या वर्कशॉपला द्यावं. माझा मित्र लामार टटल याला काही नाही. तो या पत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात. बरंच झालं, ठेवायचंही नव्हतं.

कलम ३. हिरवी पिकअप, सन १९८४. हे कलम लांबणार आहे.

आमचा क्लब हौसेने खडकांत गाड्या चढवतो, आणि तिचं मूळ इंजिन चढावर दम टाकायचं. जॅनील चोवीस वर्षांची असताना आम्ही बापलेकीने ते काढलं आणि एका ठोकलेल्या व्हॅनचं आठ सिलिंडरचं इंजिन तिच्यात बसवलं. तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. ती गाडीखाली, मी वर. "डॅड, पुतळ्यासारखा उभा काय राहिलास, उजेड दाखव!" असं खालून ओरडायची. अजूनही गॅरेजमधला दिवा लावला की मी जरा वेळ थांबतो. कोणी ओरडत नाही.

इंजिन बसलं आणि प्रश्न उरला धुराच्या वाटेचा. बिडाचा मॅनिफोल्ड की हेडर? मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाला चिकटून बसणारा ओतीव लोखंडाचा जाड, ओबडधोबड ठोकळा. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा लांब पाइप. ताकद जास्त, आवाज असा की छातीत वाजतो. जॅनील म्हणाली, "बीडच लावू. स्टिअरिंगचा दांडा शेजारूनच जातोय, जागा कुठंय?" लामारनेही तिचीच री ओढली, "खडकात आवाज काय चाटायचाय, व्हर्ल?" मी कोणाचं ऐकतो? पाइप मी स्वतः वाकवले, स्वतः जोडले. दांडा आणि डावीकडचा दुसरा पाइप यांच्यात बोट घालून पाहिलं. बोटभर जागा होती.

पण इंजिन बंद होतं. जोर लावताना इंजिन पाइपांसकट रबरी माउंटिंगवर कलतं, हे मी खाणीत तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं. ब्रेक दाबून, गिअर टाकून, इंजिनाला जोर देऊन मग जागा बघायची. मी थंड इंजिनावर बोट फिरवलं आणि खूश झालो.

मे २००९. सॅन राफाएलच्या खडकांत आमच्या क्लबच्या बारा गाड्या होत्या. जॅनील चालवत होती. तिच्यासारखा हात पुऱ्या क्लबात कोणाचा नव्हता, माझाही नाही. पायरीसारख्या खडकावर तिने जोर दिला आणि गाडी कुशीवर पडली. तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. ती मला म्हणाली, "डॅड, स्टिअरिंग अडकलं. वळलंच नाही."

सगळ्यांसमोर मी म्हणालो, "स्टिअरिंग अडकत नसतं. माणूस घाबरतो."

दुसऱ्या दिवशी मी गाडीखाली गेलो. त्या दुसऱ्या पाइपवर नखाएवढी ताजी चकाकी होती, दांडा घासल्याची. मी पाइप तापवला, हातोडीने तिथे दांड्यापुरता खळगा पाडला, वरून काळा रंग दिला आणि जेवायला गेलो. कोणाला काही बोललो नाही. त्यानंतर ती खडकात कधी आली नाही. शरद ऋतूत ओमाहाला गेली. नाताळात फोन करते, बर्फ किती पडलं ते विचारते. पोरी, मला तुझी फार आठवण येते. एवढं साधं वाक्य लिहायला मला चौदा वर्षं लागली.

तर माझी इच्छा अशी: चर्चच्या हॉलमध्ये माझ्या मागे जे जेवण होईल, तिथे क्लबच्या लोकांपुढे हे कलम मोठ्याने वाचावं. वाचून होईपर्यंत चीज घातलेल्या बटाट्यांना कोणी हात लावू नये.

पुरवणी, आठ दिवसांनंतर. लामारने वरचं वाचलं आणि सही करायला साफ नकार दिला. म्हणाला, "मेल्यावर सांगणार होय रे? मग तिनं भांडायचं कोणाशी, तुझ्या थडग्याशी?" आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

मी तिला सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याच वर्षी नोव्हेंबरात घरी आले होते ना, तेव्हा गाडीखाली जाऊन पाहिला तो खळगा. म्हटलं, डॅड आज सांगेल, उद्या सांगेल. दर नाताळात मी काय फक्त बर्फाची चौकशी करायला फोन करत होते का?"

तिने येते म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही. "क्लबात तू सांग, स्वतःच्या तोंडानं," एवढं म्हणून फोन ठेवला.

ते मी गेल्या शनिवारी सांगितलं. म्हणून वाचनाची अट रद्द करतो. बटाटे गरम असतानाच खावेत. हेडर भंगारात गेले. बिडाचे मॅनिफोल्ड आणून इंजिनाला लावले आहेत. पिकअप जॅनीलची आहे, ती आली तरी आणि न आली तरी. बोल्ट मी नुसत्या बोटांनी फिरवून ठेवले आहेत. ते तिने आवळावेत.

लिहून देणार: व्हर्ल यॉर्गेन्सन
साक्षीदार: १. लामार टटल (आता सही केली) २. मर्लिन टटल, लामारची बायको
स्थळ: माझं गॅरेज, कॅसल डेल
तारीख: १७ ऑक्टोबर २०२३